मदत हवी आहे : किट लेन्सने वाड्यातले फोटो शार्प येत नाहीत

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत माझ्या मामांचा वाडा आहे. म्हणजे अजून आहे. बिल्डरच्या करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्यात, दिवाळी झाली की पाडकाम सुरू. ओटीवरचे सुरूदार खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, माजघरातलं फडताळ, माडीवरची काळीकुट्ट तुळई, हे सगळं टिपून ठेवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात कॅमेरा असलेला मी एकटाच.

कॅमेरा कॅनन १५००डी, त्याच्यासोबतच आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. गेल्या दोन रविवारी मिळून तीनेकशे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसतात, लॅपटॉपवर मोठे केले की सगळं गुळमुळीत. खांबावरच्या वेलबुट्टीवरून कुणी ओला हात फिरवल्यासारखं. मामी म्हणाली, "यापेक्षा माझा मोबाइल बरा," आणि ते खरं आहे हेच दुःख आहे.

नमुन्यादाखल एका फोटोची माहिती: ५५ मिमी (झूम), एफ/५.६ (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं), १/२५ सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ), आयएसओ १६०० (प्रकाशाची संवेदनशीलता). ऑटोवर, हातात धरून, संध्याकाळी पाचच्या सुमारास.

दुकानदार म्हणतो ५० मिमी एफ/१.८ घ्या. घेऊ का? की याच लेन्समधून काही निघेल? फ्लॅश मारून पाहिला, खांब प्लास्टिकचे वाटतात.

टेकडीवाला
लेन्स राहू द्या, आधी तो १/२५ बघा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे, म्हणून मिमीला १.६ ने गुणायचं. म्हणजे ५५ मिमीला चौकट ८८ मिमीसारखी मिळते. हातात धरून काढायचं तर शटर एक भागिले तो आकडा, म्हणजे १/९० च्या आसपास हवं, हा जुना ठोकताळा. तुमचं त्याच्या साडेतीन पट संथ आहे. लेन्सवर आयएसचं (थरथर सावरणाऱ्या सोयीचं) बटण असेल आणि ते चालू असेल तर हाताची थरथर बरीच सांभाळली जाते, पण शटर हळू दाबलं तर. हाणलं तर नाही. आणि फोटोत माणसं असतील तर ती स्वतःच हलतात, ते आयएसला थांबवता येत नाही.

आयएसओला घाबरू नका. ३२०० ला दाणे दिसतील, ते नंतर कमी करता येतात. हललेला फोटो मात्र हललेलाच राहतो.

काळी काच
५० मिमी चांगली लेन्स आहे, पण वाड्यासाठी नको. या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते. माजघरात भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तरी अख्खा खांब मावायचा नाही. शिवाय एफ/१.८ ला दोन मीटरवर फोकसमध्ये राहणार जेमतेम अर्धी वीत. महिरपीचं एक पान शार्प, बाकी धुकं. नवजात भाच्याचे फोटो काढायचे असतील तर खुशाल घ्या.

माझा संशय फोकसवर आहे. ऑटोवर ठेवलं की फोकसच्या नऊ बिंदूंपैकी कुठला वापरायचा ते कॅमेरा ठरवतो, आणि त्याला बहुतेक वेळा जवळची वस्तू आवडते. ओटीचा कठडा किंवा तुळशीवृंदावन मध्ये आलं असेल तर तेच शार्प आलेलं असेल. फोटो उघडून बघा. एव्ही मोडवर या (एफचा आकडा तुम्ही ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), फक्त मधला बिंदू निवडा. या मॉडेलमध्ये तोच सगळ्यांत भरवशाचा.

पेठकर
माझ्या आजोळचा वाडा आता तीन फोटोंत उरलाय. तिन्हींत मीच मध्ये उभा. काढताय ते नीटच काढा. एवढंच.

धागाकर्ता
@काळी काच, अगदी तसंच निघालं! मागची महिरप मऊ आणि पुढच्या कठड्याची खिळ्यांची डोकी मोजता येतील इतकी स्पष्ट. आयएस चालूच होतं. लेन्सवर रस्त्यावर घेतलेला यूव्ही फिल्टर (पुढे लावायची जादा काच) आहे, तो राहू दे ना?

काळी काच
काढा. आत्ता. चौकातला उजेड समोरून आला की स्वस्त काच सगळा काँट्रास्ट खाते. आणि लेन्स पावसाळाभर कपाटात होती का? मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत हे नवल नाही. नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवत जा.

टेकडीवाला
खांब पळून जाणार नाहीत, त्यामुळे हातात धरायची गरजच काय? ट्रायपॉड उसना आणा. आयएसओ १००, एफ/८, शटर एक सेकंद लागलं तरी लागू दे. ट्रायपॉडवर आयएस बंद करायचं. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दिसणारं चित्र) लावून दहापट मोठं करा आणि फोकस हाताने जुळवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, त्याचाही हादरा वाचतो.

एफ/८ का, तर ही लेन्स पूर्ण उघडी असताना कोपऱ्यांत ढिली पडते. पण म्हणून एफ/२२ वर जाऊ नका. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाशच पसरतो आणि चित्र पुन्हा मऊ होतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. माडीची जमीन फळ्यांची आहे ना? मग टायमर सुरू झाल्यावर जागचे हलू नका. तुम्ही पाऊल टाकलंत की फळी लवते आणि तिच्यावरचा ट्रायपॉडही. माझे एका वाड्यातले निम्मे फोटो याच पायी गेले आणि मी आठवडाभर लेन्सला शिव्या घालत होतो. रस्त्यावरून बस गेली तरी थांबा.

चौक एका फ्रेममध्ये हवा असेल तर १८ मिमी, एफ/८, सात फुटांवर फोकस. साडेतीन फुटांपासून पुढचं सगळं चालण्यासारखं शार्प येतं.

पेठकर काकू
संध्याकाळी पाचला कशाला काढता? वाड्यात ऊन चौकातून येतं. आमच्याकडे साडेदहाला ओटीवर तिरपं यायचं, तेव्हाच लाकडावरचं काम उठून दिसायचं. मामींना विचारा, वाळवणं कुठे आणि कधी घालायच्या. तिथेच ऊन.

टेकडीवाला
काकू, दंडवत. आडवा उजेडच हवा. फ्लॅश समोरून येऊन सगळ्या सावल्या पुसतो, म्हणून प्लास्टिक दिसतं.

धागाकर्ता
रविवारचा वृत्तान्त. आधी घरी भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून चाचणी घेतली. व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस आणि लाइव्ह व्ह्यूत हाताने, दोन्हींत अक्षरं सारखीच स्वच्छ. म्हणजे लेन्स निर्दोष, बुरशीही नाही. फिल्टर काढल्याने पडलेला फरक मामीलासुद्धा दिसला.

वाड्यात पहिले सहा फोटो वाया, कारण मामा चहा घेऊन माडीवर आले. मग त्यांना जिन्यात बसवलं. ओटीवर साडेदहा नाही, पावणेअकराला ऊन आलं, पंधरा-वीस मिनिटंच. त्यात निघालेला एक खांबाचा फोटो शंभर टक्क्यांवर बघतोय. तपकिरी ऑइलपेंटचा टवका उडालाय, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा तपकिरी, आणि सगळ्यांत खाली उघडं सागवान, त्यावर पटाशीचे वार. मामा म्हणतात हिरवा रंग त्यांच्या मुंजीला दिला होता. तपकिरीखाली गेल्यापासून तो कुणाला दिसलाच नव्हता.

आता शेवटचा प्रश्न. पुढच्या रविवारी ओटीवर सगळ्यांचा एकत्र फोटो. चौदा माणसं, त्यात आजी ब्याण्णव वर्षांची.

टेकडीवाला
इथे ट्रायपॉडचा एक सेकंद चालणार नाही. १/१२५, एफ/८, आयएसओ लागेल तेवढा, ३२०० सुद्धा. १८ मिमीने काढू नका, कडेची माणसं ताणली जातात, मागे सरून ३० च्या आसपास ठेवा. दोनच रांगा करा, फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर. दहा-बारा फोटो लागोपाठ काढा, कुणीतरी डोळे मिटणारच.

पेठकर काकू
आणि आजींना पाठ टेकायला लोड द्या. आधी सगळ्यांना उभं करून मग आजींना बोलवायचं, उलट नाही.