घरून काम करताना दुपारचं जेवण : कमी वेळात काय आणि कसं?

घरून काम करणाऱ्यांची दुपारची अडचण बहुतेक वेळा एकच असते. दोन कॉलच्या मध्ये अर्धा-पाऊण तास मिळतो आणि त्यातच करायचं, जेवायचं, ओटा आवरायचा. अशा वेळी तुम्ही काय करता ते इथे लिहा. नुसती पदार्थांची नावं नकोत. माप लिहा, आच किती ठेवायची ते लिहा, पदार्थ कुठे बिघडतो आणि का बिघडतो तेही लिहा. नवख्या माणसाला खरा उपयोग त्याचाच होतो.

सुरुवात मी करते. पदार्थ निवडताना एकूण वेळ बघू नका, हात अडकून राहतात तो वेळ बघा. कुकरला अर्धा तास लागतो, पण त्यातली आपली हजेरी पाच-सात मिनिटांची. तव्यावरचे पदार्थ पंधरा मिनिटांत होतात, मात्र ती पंधराही मिनिटं तव्यापाशी उभं राहावं लागतं. बाजूच्या खोलीत कॉल चालू असताना पहिला प्रकार जमतो, दुसरा जमत नाही. म्हणून सकाळी दिवसभराच्या मीटिंगा बघतानाच दोन गोष्टी ठरवून टाका: आज काय भिजत घालायचं आणि गॅस किती वाजता पेटवायचा. भूक लागल्यावर ठरवायला बसलं की हाताशी असेल ते बिस्किट पोटात जातं आणि जेवण राहून जातं.

*

कुकरचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा सविस्तर लिहिते. उदाहरण मुगाच्या खिचडीचं. दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, वाटीभर चिरलेल्या भाज्या (गाजर, मटार, फरसबी, जे असेल ते), अडीच वाट्या गरम पाणी, पाव चमचा हळद, पाऊण चमचा मीठ. कुकरमध्येच चमचाभर तेल तापवून जिरं तडतडू द्यायचं, भाज्या मिनिटभर परतायच्या, मग धुतलेले डाळ-तांदूळ आणि पाणी. पाणी गरमच घाला, म्हणजे वाफ धरेपर्यंतची चार-पाच मिनिटं वाचतात. मुगाची डाळ भिजवावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

शिट्ट्या मोजणं सोडून द्या. आच किती, कुकर केवढा, आत पाणी किती, यावर शिट्ट्या बदलतात, त्यामुळे ‘तीन शिट्ट्या’ हे माप दुसऱ्याच्या घरात चालत नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि सात मिनिटांचा टायमर लावा. दाबाखाली पाणी साधारण 120 अंश सेल्सियसला उकळतं आणि एकदा धरलेला दाब टिकवायला बारीक आच पुरते. मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, जास्तीची वाफ शिट्टीवाटे निघून जाते एवढंच. शिवाय बारीक आचेवर शिट्टी होत नाही, म्हणजे कॉलवर आवाजही जात नाही. गॅस बंद केल्यावर दाब उतरायला दहा मिनिटं लागतात. तीही शिजण्याच्याच हिशोबात धरा आणि घाईने शिट्टी उचलू नका, डाळीचं फेसाळ गरम पाणी वर उसळतं आणि हात भाजतो.

आता बिघाड. झाकणाच्या कडेने वाफ येत असेल तर रिंग सैल झाली आहे. दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की तेवढ्यापुरती घट्ट बसते, पण नवीन आणायला झाली असं समजा. मोठ्या आचेवर बराच वेळ झाला तरी वाफ कडेनेही नाही आणि पहिली शिट्टीही नाही, तर लगेच गॅस बंद करा. एक तर आत पाणीच उरलेलं नाही, नाहीतर शिट्टीच्या नळीत डाळीचा कण अडकला आहे. कुकर पूर्ण गार झाल्यावरच उघडून नळी उजेडासमोर धरून बघा. डाळीला फेस येतो, म्हणून डाळ असेल तेव्हा कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. तळाला लागण्याचं कारण बऱ्याचदा कमी पाणी नसतं, परतताना चिकटलेला थर असतो. पाणी ओतल्यावर उलथन्याने तळ एकदा खरवडून घ्या आणि मगच झाकण लावा.

*

वरच्या मापात डाळ-तांदूळ थोडे वाढवून रात्रीसाठी ठेवता येतात, हे खरं. पण भात कसा ठेवायचा हे नीट माहीत हवं. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्याने मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ‘गरम केला की झालं’ ही समजूत इथेच फसते. भात ताटात पसरून तासाभरात गार करा, झाकण असलेल्या उथळ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजचं तापमान 5 अंशांच्या आत हवं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा आणि एकदाच गरम करा, तेही सगळीकडून वाफ येईपर्यंत.

असा गार केलेला साधा भात (खिचडी नव्हे) परतायला उत्तम. थंड झाल्यावर तांदळातला स्टार्च घट्ट होतो, त्यामुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. दोन वाट्या भात असेल तर आधी ओल्या हाताने गोळे मोडून घ्या. कढईत मोडायला गेलात तर दाणे तुटतात आणि लगदा होतो. कढई रिकामीच नीट तापवा, दीड टेबलस्पून तेल, ठेचलेला लसूण दहा-पंधरा सेकंद, मग अगदी बारीक चिरलेला कोबी, गाजर, सिमला मिरची वाटीभर. मोठ्या आचेवर दोन मिनिटं. भाज्या मधोमध न ठेवता कडेला सारा, मध्ये एक-दोन अंडी फोडा, अर्धवट धरली की भात घाला. मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलं की भाज्यांना पाणी सुटतं, कढईचं तापमान उतरतं आणि परतायचा भात वाफवल्यासारखा ओलसर होतो. चार माणसांचा भात एकदम घातला तरी हेच होतं, दोन खेपांत करा.

*

अंडी आठवड्याची एकदम उकडून ठेवता येतात. पाणी आधी खळखळ उकळवा, मग फ्रीजमधली अंडी चमच्याने अलगद आत सोडा. सात मिनिटांत बलक मऊ राहतो, दहा मिनिटांत घट्ट होतो. लगेच गार पाण्यात पाच मिनिटं. थंड पाण्यापासून उकळायला सुरुवात केली की कवच पांढऱ्याला चिकटतं. अगदी ताजी अंडी तर सोलायला अवघडच, चार-पाच दिवसांची बरी. बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर समजा की जास्त उकळलं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन ती होते, खायला अपाय नाही. कवचासकट फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. सोललेली त्याच दिवशी खा.

*

माझ्या मते घरून काम करणाऱ्याच्या फ्रीजरमध्ये शिजवलेली कडधान्यं हवीतच. रविवारी वाटीभर काबुली चणे तिप्पट पाण्यात आठ ते दहा तास भिजवा. भिजवायच्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला, सालं मऊ होतात आणि शिजताना फुटत नाहीत. पाणी बदलून कुकरमध्ये, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर वीस मिनिटं. वाटीचे अडीच ते तीन वाट्या होतात. पाणी निथळून ताटात एक थर पसरा आणि तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे कडक झाले की पिशवीत भरा. सरळ पिशवीत भरले तर त्यांचा दगड होतो आणि मूठभर हवे असताना सगळे सोडवावे लागतात. दुपारी मूठ-दोन मुठी काढून गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवले की तयार. कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू, मीठ, थोडं तेल घालून वाटीभर खाल्लं तरी संध्याकाळपर्यंत पुरतं.

चणे शिजतच नसतील तर तीन गोष्टी तपासा. कडधान्य जुनं आहे का? पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे का? शिजण्याआधीच टोमॅटो किंवा चिंच घातली का? आंबट पदार्थामुळे साल आणि दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो, म्हणून आंबट नेहमी शिजल्यावर. जड पाण्याला चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो, जास्त पडला तर दाण्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते.

राजमा असेल तर वेगळी काळजी हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि किमान दहा मिनिटं पूर्ण खळखळ उकळवा. कुकरमध्ये हा प्रश्न उरत नाही. मंद आचेच्या इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही टाकू नका, तिथलं तापमान हा घटक नष्ट करायला पुरेसं नसतं.

*

सॅलड सकाळी करून ठेवणाऱ्यांसाठी: बरणीत भरण्याचा क्रम महत्त्वाचा. तळाशी लिंबू-तेल-मीठ, त्यावर गाजर, सिमला मिरची असे कडक तुकडे, मग चणे किंवा अंडी, सगळ्यात वर पानं. पानं पूर्ण कोरडी हवीत. मीठ लागलं की पानातलं पाणी बाहेर येतं आणि ती लोळागोळा होतात, म्हणून दोघांची गाठ जेवायच्या वेळीच घालून द्यायची.

सँडविचचंही तसंच. ब्रेडच्या दोन्ही कापांना कडेपर्यंत लोणी लावा, ओल आत शिरत नाही. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका, काकडीच्या चकत्या कापडावर दोन मिनिटं ठेवा.

*

मायक्रोवेव्हमध्ये मध्यभाग गार आणि कडा वाळलेल्या, ही तक्रार सगळ्यांची असते. अन्न बशीत कड्यासारखं गोल पसरा, मध्ये जागा रिकामी ठेवा. दोन चमचे पाणी शिंपडा, सैल झाकण ठेवा, पूर्ण ऐवजी मध्यम पॉवरवर दीड मिनिट, मग ढवळून आणखी एक मिनिट. बाहेर काढल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या, उष्णता आतपर्यंत पसरते. ब्रेड मात्र त्यात गरम करू नका, चिवट होतो. अंडं कवचासकट तर अजिबात नाही, फुटतं.

एकट्याचं जेवण हवं असेल तर 200 ग्रॅमचा एक बटाटा घ्या, धुऊन काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा, पूर्ण पॉवरवर पाच मिनिटं, मध्ये एकदा उलटा. तीन मिनिटं तसाच ठेवून मग चिरा. टोचला नाही तर आतल्या वाफेने फुटतो. वर घट्ट दही, मीठ, मिरपूड आणि वर कडधान्यांच्या प्रतिसादात लिहिलेले शिजवलेले मूठभर चणे. हात लावायचा वेळ दोन मिनिटं.

*

एकाच भांड्यातला पास्ता अजून कुणी लिहिला नाही. 200 ग्रॅम पास्ता, 650 मिली पाणी, चिरलेले तीन टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, दीड टेबलस्पून तेल, एक चमचा मीठ, सगळं पसरट भांड्यात थंडच एकत्र करायचं. मोठी आच. उकळी आल्यावर पहिली दोन मिनिटं सतत हलवा, पास्ता एकमेकांना चिकटतो तो याच वेळी. पुढे अधूनमधून. नऊ-दहा मिनिटांत पाणी आटतं आणि पास्त्यातून सुटलेल्या स्टार्चमुळे रस आपोआप दाट होतो, वेगळा सॉस लागत नाही. मीठ कमी ठेवलंय ते मुद्दाम, कारण इथे पाणी ओतून टाकायचं नसतं. पालक घालायचा तर शेवटच्या मिनिटाला.

हा पदार्थ करताना ओट्यापाशीच थांबावं लागतं, म्हणून कॉल नसेल तेव्हाच करा.

*

ज्यांना भर कॉलमध्ये गॅस चालू ठेवायची भीती वाटते (आणि ती योग्यच आहे), त्यांच्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास. थर्मास आधी उकळत्या पाण्याने काठोकाठ भरून दहा मिनिटं ठेवा, मग ते पाणी ओता. अर्धी वाटी दलिया कोरडा भाजून घ्या, दीड वाटी पाणी आणि मिठाबरोबर पातेल्यात तीन मिनिटं खळखळ उकळवा आणि उकळतानाच थर्मासमध्ये ओतून झाकण घट्ट लावा. दीड तासात मऊ शिजतो. ओट्सना वीस मिनिटं पुरतात. थर्मास छोटा निवडा, कारण आत रिकामी जागा जास्त राहिली की अन्न लवकर निवतं. उघडल्यावर अन्न वाफाळलेलं असायला हवं. कोमट निघालं तर थर्मासची उष्णता टिकत नाही, त्यात शिजवू नका. कडधान्यं आणि मांस यात शिजवायचं नाही, तापमान हळूहळू उतरत जातं.

*

दलिया थर्मासमध्ये घालण्याआधी भाजायचाच का, असा प्रश्न पडेल. हो, मंद आचेवर चार मिनिटं, खमंग वास येईपर्यंत. न भाजलेला चिकट होतो. एकदम पाव किलो भाजून, पूर्ण गार करून बरणीत भरला तर रोजचं ते कामही वाचतं. गरम असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि दलिया सादळतो.