पावसाळी रात्री मोटारीचा अलार्म आपोआप वाजतो : मदत हवी आहे

नमस्कार. आमची हॅचबॅक रत्नागिरीत, घरासमोरच्या उघड्या अंगणात उभी असते. पाऊस सुरू झाल्यापासून तिचा अलार्म रात्री-अपरात्री, कोणीही हात न लावता वाजू लागला आहे. शेजारी आजारी आजी आहेत आणि त्यांची झोपमोड होते, म्हणून हे लवकर थांबावे अशी मनापासून इच्छा आहे. तूर्तास मी रिमोट न वापरता दार किल्लीने लावतो. त्यामुळे अलार्म चालूच होत नाही, परंतु गाडीला राखणही उरत नाही.

हा अलार्म गाडीसोबत आलेला नसून नंतर बाहेरून बसवून घेतलेला आहे. गॅरेजमध्ये बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला, पण तो मला पटत नाही, कारण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मल्टिमीटर १२.५ व्होल्ट दाखवतो आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. शॉक सेन्सरचा (गाडीला बसलेला धक्का ओळखणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून त्याची संवेदनशीलता कमी केली, तरी फरक पडला नाही. शिवाय रस्त्यावरून अवजड ट्रक गेला तरी गाडी शांत असते आणि संततधारेनंतर मात्र हमखास वाजते. बॉनेटखालच्या स्विचवर हिरवट गंज दिसतो, म्हणून माझा संशय त्याच्यावरच आहे. तोच दोषी आहे याची खात्री घरच्या घरी कशी करावी?

उत्तर : आपला संशय रास्त आहे. बाहेरून बसवलेल्या बहुतेक अलार्ममध्ये बॉनेट उघडताच हा स्विच वायरला अर्थिंग देतो, म्हणजे ती गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडतो, आणि तोच अलार्मला इशारा असतो. ओल आणि गंज साचला की बॉनेट बंद असतानाही तोच संकेत जाऊ शकतो आणि सायरन सुरू होतो. स्विचची वायर सोडवून तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि पावसाच्या रात्री गाडी रिमोटने लॉक करून पाहावी. ती शांत राहिली, तर स्विच बदलून घ्यावा. जोडणीचे टोक घासून स्वच्छ करायला मात्र विसरू नये, नाहीतर नवा स्विचही फार टिकणार नाही. तरीही वाजली, तर दारांचे आणि डिकीचे स्विच एकेक करून तपासावेत, तसेच उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहावे. अनेक अलार्ममध्ये बंद केल्यानंतर डॅशबोर्डवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोणत्या भागातून इशारा आला ते सांगतो. त्याचा अर्थ अलार्मच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. बॅटरीवर तूर्त खर्च करू नये.