पोरांचा उत्साह टिकत नाही, बक्षीस लावायचं का?

ए-३०४: मंडळी एक विचारायचं होतं. लेक पोहायला जाते, टँकची अख्खी लांबी न थांबता मारायची असं तिनेच ठरवलेलं, सुरुवातीला बॅग भरून आधीच दारात उभी असायची आणि आता रोज पोट दुखतंय नाहीतर झोप येतेय. सुट्टी संपेपर्यंत जमवलंस तर सायकल घेऊ असं सांगू का?

सी-५०१: सांगा की बिनधास्त. आमच्याकडे तर बक्षीस म्हटल्याशिवाय कपाटसुद्धा आवरलं जात नाही.

बी-१०२: ताई मी नको म्हणेन. कपाट आवरायला कुणालाच आवडत नाही, तिथे छोटं बक्षीस चालून जातं, पण पोहणं तर तिला स्वतःलाच हवं होतं ना. १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केलेला, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर एक-दोन आठवड्यांनी बक्षिसाचं नाव न काढता नुसते मार्कर समोर ठेवले तर हीच मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांचं तसं झालं नाही. जमल्यावर खुशीने द्या की काहीही, आधीपासून आमिष नको.

ए-३०४: पटतंय, पण मग ती जाणारच नाही त्याचं काय?

बी-१०२: आधी ती अडकलीय कुठे ते बघा. पोरं कंटाळा आला म्हणतात तेव्हा बऱ्याचदा काहीतरी जमत नसतं आणि ते सांगायची लाज वाटते. एक दिवस काठावर बसून नुसतं बघा, सूचना देऊ नका. श्वास घ्यायला अख्खं डोकं वर काढलं की कंबर न पाय खाली जातात, मग सगळं अंग ओढत न्यावं लागतं, निम्म्यातच दम लागतो. असलंच काहीतरी असेल तर सायकल काय करणार?

डी-४०३: अगदी. आणि "तू हुशार आहेस, जमेलच तुला" हे पण जपून हां. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ चा अभ्यास आहे, पाचवीच्या मुलांना कोडी सुटल्यावर काहींना हुशार म्हटलं, काहींना छान मेहनत घेतलीस म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडकवलं, त्यानंतर परत सोपी दिली तर हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली, मेहनतवाली पुढे गेली. मी आता मुलाला नेमकं काय जमलं तेच सांगते, आज श्वास चुकला तरी थांबला नाहीस, असं.

ए-३०४: आत्ता शेजारी बसून विचारलं तिला. नाकात पाणी जातं म्हणाली, बाकीची मुलं पुढे निघून जातात आणि ही मधेच कडेचा दांडा धरते, सगळे बघतात म्हणे. इतके दिवस एका शब्दाने बोलली नव्हती हो. उद्या सरांना सांगते, आठवडाभर लांबीचं नावच नको, फक्त दांडा धरून श्वासाचं करून घ्या. आणि कुठल्या दिवशी जायचं ते तिलाच ठरवायला सांगितलंय.