वाचलेल्या पुस्तकांची नोंद कशी ठेवता?

पानकिडा
वाचन बरं चालू आहे, पण नोंद कुठेच नाही. कोणी एखाद्या विषयावरचं पुस्तक सुचवायला सांगितलं की वाचलेलं असूनही नाव ओठांवर येत नाही. निम्मी पुस्तकं मराठी, बरीचशी वाचनालयातली, काही किंडलवर, काही ऐकलेली. अर्धवट सोडलेलीही पुष्कळ. हे सगळं एका जागी राहील असं काय वापरता? मित्रमंडळींना दाखवायची हौस नाही.

अक्षरवेल
गुडरीड्स हे वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचं संकेतस्थळ २००७पासून आहे, २०१३मध्ये ते अ‍ॅमेझॉनने घेतलं. इंग्रजी पुस्तकं बहुतेक आधीच नोंदलेली असतात. मलपृष्ठावरचा बारकोड मोबाइलने टिपला की काम झालं. मी मात्र आता त्याच धर्तीचं स्टोरीग्राफ वापरते. तिथे पाव ताऱ्यापर्यंत गुण देता येतात आणि 'अर्धवट सोडलं' अशी वेगळी खूण आहे, तुम्हाला ती लागेलच. गुडरीड्सची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल करून इकडे आणता येते.

वार्षिक लक्ष्याच्या भानगडीत पडू नका. डिसेंबर आला की माणूस जाडजूड ग्रंथ बाजूला सारून सत्तर पानी पुस्तकं शोधायला लागतो.

दुसरी आवृत्ती
निम्मी मराठी म्हणताय, तर बारकोडवर विसंबू नका. बारकोडमागचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० साली. त्याआधीच्या छपाईवर तो नसणारच, पण नंतरच्याही कितीतरी मराठी पुस्तकांवर नसतो. मग सगळं हाताने भरत बसा.

माझं मत साध्या स्प्रेडशीटला. रकाने मोजकेच: नाव, लेखक, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, कागदी/किंडल/ऑडिओ, कोणी सुचवलं, आणि एक ओळ शेरा. 'कोणी सुचवलं' हा रकाना वगळू नका. वर्षभराने त्यावर चाळणी लावली की कोणाची आवड आपल्याशी जुळते आणि कोणाच्या शिफारशींकडे गोड हसून दुर्लक्ष करायचं, ते समोर येतं.

दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, इंग्रजी आकड्यांत. देवनागरी आकडे घातले तर शीट बऱ्याचदा त्यांना नुसता मजकूर समजते आणि क्रम बिघडतो. दुसरं म्हणजे लेखकाचं नाव. आद्याक्षरांनंतर टिंब, टिंबानंतर मोकळी जागा, आडनाव आधी की शेवटी, हे एकदाच पक्कं करा. नाहीतर शीटच्या लेखी एकाच लेखकाची तीन माणसं होतात.

रातराणी
शीट +१. ऐकलेल्या पुस्तकांना पानं नसतात, म्हणून पानांचा रकाना ठेवलेला नाही ते उत्तम.

शाईचा डाग
मी वहीवाला. शीटमध्ये नाव राहतं, पुस्तक राहत नाही. माझी नोंद साधारण अशी असते: 'पान ११२. आई मुलाला काहीच बोलत नाही, फक्त दिव्याची वात कमी करते. इथून पुढे कादंबरी मुलाची राहिली नाही. शेवट घाईत.' एवढं वाचलं की अख्खं पुस्तक परत डोळ्यांपुढे येतं. कथानकाचा सारांश लिहू नका, तो कुठेही मिळतो.

वहीत सापडत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८६ साली एक पद्धत छापली होती. टिपणाच्या मथळ्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर सूची करायची. आपल्याला तर बाराखडी आयती आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर क, का, कि, की अशी घरं आखायची आणि त्यात फक्त पान क्रमांक टाकायचे. वहीच्या पानांना आधी क्रमांक घाला म्हणजे झालं.

अक्षरवेल
@शाईचा डाग, ही बाराखडीची सूची भारी आहे! करून बघते.

किंडलबद्दल राहिलंच. अधोरेखित केलेलं सगळं यंत्रातल्या 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या फाइलमध्ये साठतं. केबलने जोडून ती अधूनमधून उतरवून घ्या. खूण पुसली तरी त्या फाइलमधून मजकूर जात नाही, त्यामुळे एकच वाक्य दोनदा दिसलं तर गोंधळू नका.

पानकिडा
मंडळी, आभार. शीट आजच उघडतो, वही फक्त मनात घर केलेल्या पुस्तकांसाठी. अ‍ॅप तूर्तास नको. एक शंका: कथासंग्रहातल्या चारच कथा वाचल्या, तर ते 'वाचलं' की 'सोडलं'? आणि पुन्हा वाचलेल्याचं काय?

दुसरी आवृत्ती
पुनर्वाचनाला नवी ओळ. जुन्या ओळीतला शेरा खोडू नका, दोन्ही शेरे एकाखाली एक बघायला मजा येते. संग्रहासाठी तिसरा शब्द करा, 'चालू', आणि संपवल्याची तारीख रिकामी सोडा. माझ्याकडे असे 'चालू' संग्रह बरेच आहेत, त्यातले काही कॉलेजपासूनचे.