टँकरचं पाणी महाग की सातपूरची फेरी?

ए-२०१: टँकरच्या खर्चावरून सोसायटीत भांडण चाललंय, म्हणून रविवारच्या मीटिंगआधी आकडे समोर ठेवू. चार माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५४० लिटर. १०,००० लिटरचा टँकर १,५०० ला धरला तर लिटर पडतो १५ पैशांना. सगळं पाणी टँकरचं वापरलं तरी घराचा दिवसाचा खर्च ८१ रुपये. नळाला पाणी आलं की तो पार खाली येतो.

सी-५०४: आता गाडी घ्या. पेट्रोल १०५ धरू, शहरात ॲव्हरेज १५. किमीला ७ रुपये. इथून नाशिकच्याच सातपूर एमआयडीसीत कामाला जाऊन-येऊन १८ किमी धरले तर १२६ रुपये. अख्ख्या घराच्या पाण्यापेक्षा जास्त. आणि भांडण मात्र पाण्यावरून 😀

बी-३०३: ५०४वाले दादा, हे फक्त पेट्रोल झालं. टायरचा सेट २० हजारांचा आणि चालतो ४० हजार किमी, म्हणजे ५० पैसे. सर्व्हिसिंग दर १० हजार किमीला ६ हजार, ६० पैसे. ८ रुपये १० पैसे म्हणा. इन्शुरन्स वेगळाच.

ए-१०२: सीएनजीला?

सी-५०४: किलो ९० धरला आणि २२ चं ॲव्हरेज, तर ४ रुपये १० पैसे. भर दुपारी भरू नका. टाकीत गॅस तापतो, २०० बारचा दाब लवकर गाठतो आणि किलोभर कमीच बसतो. पैसे किलोवर असल्यामुळे नुकसान नाही, पण पंपावर पुन्हा लाइनीत उभं राहावं लागतं.

बी-६०१: ॲव्हरेज डॅशबोर्डवर बघू नका. ऑटो कट होईपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत, टाकी भरा, किमी लिहा. ३००-४०० किमी चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलवर परत कट होईपर्यंत भरा. किमी भागिले लिटर. कटनंतर "राउंड फिगर करतो" म्हणून ओतू द्यायचं नाही, तिथेच हिशेब बिघडतो.
ॲव्हरेज पडलं तर आधी हवा बघा, टायर थंड असताना. मग एअर फिल्टर. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर एसीसकट उभी गाडी तासाला पाऊण लिटर तरी पिते. दहा मिनिटांचे १३ रुपये.

ए-१०२: आणि ई-स्कूटर? २५ पैसे किमी म्हणतात ना?

बी-३०३: काका, ते शोरूममधलं गणित. ३ युनिटची बॅटरी भरायला चार्जरची गळती धरून ३.४ युनिट लागतात. खरी रेंज ९० किमी. महिन्यात २० वेळा चार्ज म्हणजे ६८ युनिट, आणि ते घरच्या वापरावर चढतात. आधीच २६० युनिट जळत असतील तर एकूण ३२८, म्हणजे ३०० च्या वरचे २८ युनिट पुढच्या स्लॅबच्या दराने. म्हणून जास्तीत जास्त, युनिटला १६ रुपये धरून बघा: ६० पैसे किमी. पुढे ६० हजारांची बॅटरी ६० हजार किमीवर वाटली तर आणखी १ रुपया. तरीही ४५ देणाऱ्या पेट्रोल स्कूटरच्या २ रुपये ३० पैशांपेक्षा स्वस्तच.

ए-४०४: पाण्याचा जार आणायला जे कार काढतात त्यांनी ६ किमीचे ४२ रुपये जारच्या किमतीत मिळवा. नाव घेत नाही.

ए-२०१: 🙏 पाण्याकडे या. टँकर मोजून घ्यायचा. खालची टाकी ४ बाय २.५ मीटर, म्हणजे १० चौ. मी., १ सेंमी = १०० लिटर. टँकर आला की मोटर बंद, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, पट्टीने आधी आणि नंतर पातळी घ्यायची. १०० सेंमी वाढली पाहिजे. ८५ भरली तर १,५०० लिटर कमी आले, म्हणजे २२५ रुपये. सही त्यानंतर.

सी-२०२: वहिनी, गच्चीवरच्या टाकीचं पण सांगा. तिथून पाणी कुठे जातं?

ए-२०१: ती २ बाय २.५, म्हणजे १ सेंमीला ५० लिटर. रात्री ११ ला मोटर बंद करून पातळी लिहायची, पहाटे ५ ला परत. सगळे झोपलेले असताना ४ सेंमी उतरली तर २०० लिटर गेले. दिवसाचे ८००, महिन्याचे २४ हजार. जवळजवळ अडीच टँकर.

बी-६०१: यातलं बरंचसं फ्लशमधून जातं, कारण ती गळती ना दिसते ना ऐकू येते. फ्लशच्या टाकीत हळदीचं पाणी ओता, २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं आणि टाकीतल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीत पाणी पडत नसेल, तर तळाचा रबरी वॉशर गेला. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसून तो कडक होतो. नुसता घासून चालत नाही, बदलाच. ओव्हरफ्लो नळीत पाणी पडतंय? मग बॉल-कॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ) खाली घ्या, पातळी नळीच्या तोंडाखाली २ सेंमी राहिली पाहिजे.

सी-५०४: आरओचं सोडलेलं पाणीही धरा. लिटरमागे साधारण ३ लिटर जातात. बादलीत घेऊन फरशी पुसा. झाडांना रोज नको, क्षार साठतात.

ए-४०४: गळती कोणाच्या विंगची हे कसं कळणार?

ए-२०१: तीन रात्री, रोज दोन विंगचे व्हॉल्व्ह बंद, एकच चालू. उद्या फक्त बी चालू. ए आणि सी, रात्री ११ च्या आत दोन बादल्या भरून ठेवा.

ए-१०२: पट्टी माझ्याकडे आहे, ५ मीटरची.