निम्म्या रचना 'डावललेल्यांच्या': हे संगीत की टक्केवारी?

मंद्रसप्तक: परवा एका पियानोवादिकेची घोषणा इथे कोणीतरी डकवली. 'यापुढे माझ्या प्रत्येक मैफलीत निम्म्या रचना समकालीन, त्याही स्त्रियांच्या आणि आजवर डावललेल्या संगीतकारांच्या.' खाली सगळे वाहवा करून मोकळे. मला हे खटकलं. कोरियन संगीतकार उनसुक चिनच्या एत्यूद, म्हणजे तंत्राचा कस लावणाऱ्या छोट्या रचना, लोक वाजवतात त्या अफाट आहेत म्हणून, बाईने लिहिल्या म्हणून नाही. आधी कान, मग नाव.

पाचवं बोट: कानावर पडलं तर ना! फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार बाईची पहिली सिंफनी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने 1933 साली वाजवली. 1953 ला ती गेली, आणि तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे 2009 मध्ये इलिनॉयातल्या एका पडक्या घरात सापडले. मधल्या काळात कान काय करत होते?

मंद्रसप्तक: प्राइस समकालीन नाही. विषय सोडू नका.

करंगळी: विविधता म्हणता, तर हातांचं बोला. पियानोचं सप्तक साधारण 165 मिलिमीटर. माझा हात नवव्या पट्टीशी संपतो, आणि नव्या रचनांत दहावी सर्रास मागतात. 'ताण अजून' ऐकत मी मनगट सुजवून घेतलं. पुढे एकदा अरुंद पट्ट्यांच्या, 140 मिलिमीटर सप्तकाच्या पियानोवर बसले. करंगळी दहावीवर अलगद टेकली. मला तिथेच रडू आलं.

जुना श्रोता: हातांचा इथे काय संबंध? लहान हातांचा नामवंत पियानोवादक योसेफ हॉफमन, त्याच्यासाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचा पियानो केला होताच. बाकीच्यांनी रियाज करावा.

करंगळी: रियाज? हॉफमनला पियानो बदलून मिळाला आणि मला मनगट बदलायला सांगता? माझाच मुद्दा मांडलात. असं बोलण्याआधी एकदा सुजल्या हाताने स्केल वाजवून बघा.

जुना श्रोता: आवाज चढवू नका. दुखापतीचं वाईट वाटलं, ते खरंच. पण मापं बदलली की प्रत्येक सभागृहात नवा पियानो लागेल.

पाचवं बोट: मूळ मुद्द्याकडे येतो. रशियन संगीतकार गलिना उस्तवोल्स्कायाची सहावी पियानो सोनाटा, 1988 ची. जवळजवळ सगळी मुठींनी आणि कोपरापर्यंतच्या हाताने वाजवायची. पहिल्यांदा ऐकताना मी उठून बाहेर गेलो. दुसऱ्यांदा कोणीतरी वाजवली म्हणून कळली: त्या आघातांच्या मागे एक धून चालत असते. नव्या रचनेला ही दुसरी वेळ मिळतच नाही. शोपँला हजार वेळा मिळते.

मंद्रसप्तक: बरं, एवढं मान्य. पहिल्या वादनानंतर रचना मरते. पण मग टक्का कशाला? त्या बाईंनी एकच नवी रचना पाच वर्षं सगळीकडे वाजवावी, मी दरवेळी तिकीट काढीन. दर मैफलीला निम्मी यादी नवी असेल, तर तेच मरण निम्म्या किमतीत.

करंगळी: आणि अरुंद पट्ट्यांचा पियानो मला सभागृहात कोण देणार, ते राहिलंच.