मदत हवी आहे : जुनी वॅगनआर पुरात बुडालेली होती का, कसं ओळखू? (नागपूर)

नमस्कार मंडळी. बाबांना आठवड्यातून तीनदा मनीषनगरहून रामदासपेठेत फिजिओथेरपीला न्यावं लागतं. ऑटोत चढताना त्यांचा उजवा पाय उचलतच नाही, मांडीखाली हात घालून मलाच तो वर ठेवावा लागतो. म्हणून जरा उंच सीटची गाडी शोधतोय. बजेट चार लाख, एफडी मोडून जमवलेत, त्यापुढे जाता येणार नाही.

शंकरनगरची एक वॅगनआर आवडली आहे. जुलै 2019 ची, पेट्रोल, एमएच-31, पहिलाच मालक, 41 हजार किमी, मागणी 3.85 लाख. आरसीवर कर्जाचा बोजा नाही, चेसिस नंबर जुळतो. टायरांवर 2219 आहे, म्हणजे 2019 च्या 22 व्या आठवड्यातले, गाडीसोबतचेच. ते बदलावे लागतील, त्याचं काही नाही.

भीती वेगळीच आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा त्या भागातल्या किती गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या, आपण सगळ्यांनी पाहिलंय. मालक म्हणतात, "आमची उंचावर उभी होती, पाणी लागलंच नाही." माणूस भला वाटला. पण मागचा डावा सीटबेल्ट मी पार शेवटपर्यंत ओढला, तर शेवटची वीतभर पट्टी कडक लागली आणि तिच्यावर आडवा तपकिरी डाग होता, कपात चहा वाळल्यावर कडा राहते ना, अगदी तसा. बाकीचे बेल्ट स्वच्छ. ड्रायव्हरची सीट मागे सरकवून टॉर्च मारला तर रेलच्या बोल्टांवर गंज. स्टेपनीचा खड्डा मात्र कोरडा आणि साफ, म्हणून गोंधळलोय.

त्यात पॉलिसी पाहिली. जुलै 2025 च्या नूतनीकरणात एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) फक्त 20 टक्के. पाच वर्षं क्लेम नसता तर 50 असता. 20 म्हणजे मागचं एकच वर्ष विनाक्लेम गेलं, त्याआधीच्या वर्षात, जुलै 2023 ते जुलै 2024 मध्ये, क्लेम झाला असणार. विचारलं तर म्हणाले, बंपरचा होता. असेलही. पॉलिसी मध्ये तुटली तरी एनसीबी जातो हे मला माहीत आहे, पण इथे खंड दिसत नाही.

आणखी एक, सकाळी आठला पोचलो तर बॉनेट आधीच गरम. थंड इंजिन सुरू होताना ऐकायचं राहूनच गेलं.

जाणकारांना विचारायचंय :

तो क्लेम कशाचा आणि किती रकमेचा होता, हे मालकांकरवी विमा कंपनीकडून लेखी मिळतं का? मागितलं तर त्यांना राग येईल का?

कार्पेट उचलून खालचे वायरिंगचे कनेक्टर बघू द्या म्हणणं रास्त आहे का? हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर व्यवहार सोडूनच द्यावा, की दुरुस्त होतं?

आणि नागपुरात स्कॅनर घेऊन घरी येऊन गाडी तपासणारा, विक्रेत्याशी साटंलोटं नसलेला मेकॅनिक कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी टोकन द्यायचं ठरलंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.